कोरडं अंथरूण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आखाजीच्या सणाआधीच्या आठवड्यात मी प्रशांतच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली, वर उचलली आणि सोडली. ती खाली बसली नाही. छोट्या तंबूसारखी तशीच उभी राहिली आणि मग सावकाश पसरली. अंगात पुरेसं पाणी असलं की तरुण माणसाची कातडी सोडल्याबरोबर जागेवर जाते. हे कळायला मशीन लागत नाही, फारशी डिग्रीही लागत नाही. माझ्याकडे तर डिग्री आहे. मी त्याचा शर्ट खाली ओढला आणि पायाचे व्यायाम सुरू केले.

मी फिजिओथेरपिस्ट. अमळनेरला छोटं क्लिनिक आहे, आणि ज्यांना क्लिनिकपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी मी जातो. प्रशांतकडे मी बरीच वर्षं जातोय. वय तिशीच्या पुढे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, त्यामुळे हातापायांपर्यंत मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही. स्नायू कडक राहतात, सांधे आखडतात. बोलणं ओढून, तोडून येतं. बुद्धीला मात्र काही झालेलं नाही. डाव्या हाताच्या एका बोटाच्या सांध्याने तो मोबाइल चालवतो. गल्लीतल्या निम्म्या लोकांची लाइट बिलं तोच भरून देतो आणि वर ऐकवतो, "एवढा एसी चालवता, आणि मला साधं आइस्क्रीमही नाही."

त्याचं बोलणं घाईच्या माणसाला कळत नाही. थांबणाऱ्याला सगळं कळतं.

"डॉक्टर, आज कोणता स्क्रू पिळणार?" हे त्याचं माझं स्वागत.

त्याचे वडील जाऊन खूप वर्षं झाली. त्याला उचलणं, आंघोळ घालणं, भरवणं, शी-शू, सगळं त्याची आई करायची. गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही. संक्रांतीनंतर अक्का ओट्यावरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जातील, पण मुलाला उचलणं संपलं.

"आता माणूस लागेल," मी म्हणालो.

आमच्याकडे असा माणूस शोधायला ऑफिस नाही. मोठ्या शहरांत एजन्सी असतात. इथे फक्त विचारायचं असतं. आणि कोणी नाव सुचवलं की पहिला प्रश्न एकच. अक्कांनीही तोच विचारला, "कोना कोन शे तो?"

म्हणजे कोणाचा कोण. कुठलं गाव, आडनाव काय, आपल्यात कुठे सोयरीक लागते. त्याला काम येतं का, हा त्याच्या नंतरचा प्रश्न. मीही याच मातीतला. मला यात काही चूक वाटत नव्हती.

पहिला आला तो भिकन. चोपड्याकडचा. लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, सीझन नसला की मिळेल ते काम. लकवा झालेल्या काकाचं सगळं त्याने केलेलं, असं तो म्हणाला. खरं-खोटं सांगायला कोणी नव्हतं. घरात शिरला तो थेट प्रशांतच्या पलंगावरच बसला. अक्कांना नमस्कार करायचं विसरला.

"काय भाऊ, तू मोठा की मी?"

"मी," प्रशांत म्हणाला. "आणि हळू बोल. इथे वरात नाही."

भिकन एवढा हसला की हातातला ग्लास हिंदकळून पाणी प्रशांतच्या छातीवर, चादरीवर सांडलं. प्रशांतही हसायला लागला. तो हसतो तेव्हा सगळं अंग हसतं, पलंग वाजतो.

अक्का दारातून बघत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी चादर वली करी टाकी यानी."

"मला हाच पाहिजे," प्रशांत म्हणाला. स्पष्ट म्हणाला. आम्ही दोघांनी ऐकलं.

"बघू," मी म्हणालो. 'बघू' म्हणजे नाही, हे त्याला कळलं.

त्याच सुमारास माझ्या मोठ्या भावाच्या, नानांच्या मुलीची सोयरीक जमत होती. स्थळ दोंडाईचाचं. तिच्या आधीच्या दोन सोयरिकी जुळता जुळता मोडल्या होत्या. घरात सगळे श्वास रोखून होते. नानांचा फोन आला.

"अरे, मुलाचे मामा रिकामेच आहेत. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते, रिटायर झाले. आपलाच माणूस. तुझ्या पेशंटचंही काम होईल आणि तिकडे आपलंही वजन पडेल."

हे रामभाऊ. मी आंधळेपणाने ठेवलं नाही, चौकशी केली. रिटायर झाल्यावर धुळ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचं त्यांनी केलं होतं. ते गृहस्थ पुढे वारले. त्यांच्या मुलाला फोन लावला.

"डोळे मिटून ठेवा," तो म्हणाला. "माणूस सोनं आहे. बाबांचं अंथरूण शेवटपर्यंत एकदाही ओलं झालं नाही."

मी अक्कांना हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. प्रशांतला विचारलं नाही. त्याला सांगितलं.

रामभाऊ आले. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, आल्या आल्या अक्कांच्या पाया पडले. आवाज मऊ. कधी चढला नाही. पहाटे उठून अंगण झाडायचे, अक्कांना चहा करून द्यायचे. त्यांच्या हातची खिचडी अशी की शेजारीण वाटी घेऊन यायची. मी त्यांना शिकवायचं ते शिकवलं. पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. भरवायचं कसं, तेही दाखवलं. प्रशांतला गिळायला त्रास होतो, पाणी घाईने दिलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून मी म्हणालो, "पाणी थोडं थोडं द्यायचं. मान जरा पुढे करून."

"थोडं थोडं," रामभाऊ म्हणाले. "समजलं साहेब."

महिन्याभरात अक्का गल्लीतल्या बायकांना बोलावून पलंग दाखवायला लागल्या. "पाहा, बठ्ठं, सगळं कोरडं. माझ्या हातून एवढं होत नव्हतं." मीही कौतुक केलं. दुसऱ्या दोन घरांत मी रामभाऊंचं उदाहरण दिलं. असा माणूस शोधा म्हणालो.

आणि प्रशांत गप्प होत गेला. स्क्रूची चेष्टा बंद झाली. मी गेलो की तोंड भिंतीकडे. फोन कपाटावर ठेवलेला दिसायचा. मी विचारलं तर रामभाऊ म्हणाले, "मान दुखते ना त्याची." मी कधीतरी मानेबद्दल बोललो होतो खरा. मला वाटलं, पोरगा निवळला. शिस्त लागली. एकदा व्यायाम करताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही... असं का?" मी समजलो, पाय जोरात ओढला गेला. म्हणालो, "सॉरी, हळू करतो."

मग एप्रिल संपत आला. आमच्याकडचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी घेतलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. कूलरची हवासुद्धा भट्टीतून आल्यासारखी येते. त्या दिवशी मी गेलो तर प्रशांतचे ओठ फाटलेले. जीभ बाहेर आली ती पांढरट, चिकट.

"पाणी," तो म्हणाला.

"आत्ताच पाजलं साहेब," रामभाऊ मागून म्हणाले. "जास्त झालं की ठसकतो. तुम्हीच सांगितलंय."

तेव्हा मी ती कातडी उचलली.

पुढे काय करायला हवं होतं? आतल्या खोलीत अक्का बसल्या होत्या. दहा पावलंही नाहीत. त्यांना सांगायचं, की याला पाणी मिळत नाहीये. आजच तपासणी करू. एवढंच. मी व्यायाम उरकले, अंगणात आलो आणि चपला घालता घालता रामभाऊंना म्हणालो, "ऊन फार आहे. पाणी जरा वाढवा."

"वाढवतो की."

"आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पोरीची सुपारी आहे. येताय ना?"

"म्हणजे काय! मामाशिवाय सुपारी फुटते का?"

दोघंही हसलो.

नवऱ्या मुलाचा मामा दुखावला की सोयरीक कशी मोडते, ते इकडे कोणालाही विचारा. मी घरी येताना मनात एक वाक्य म्हणालो. आखाजी होऊन जाऊ दे, मग बोलू.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि सकाळी घागर भरायची असते. नवी मातीची घागर, काठोकाठ पाणी, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. घरातून गेलेल्यांसाठी. ऊन आहे, त्यांना तहान लागली असेल, म्हणून.

मी गावी, नानांच्या घरी घागरीसमोर बसलो होतो. फोन वाजला. अक्का.

"डॉक्टर, मना आंडोर डोळा उघडत नाही." मना आंडोर म्हणजे माझा मुलगा. फोनवर अक्का नेहमी शाळेतल्यासारखं मराठी बोलतात. त्या दिवशी त्यांना ते सुचलं नाही. "हाक मारस, ऐकत नाही. रामभाऊ दोंडाईचाले गयात."

मी शेजाऱ्यांना फोन करून त्याला दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि मोटरसायकल काढली. नाना म्हणाले, "घागर तर पुरी कर." मी थांबलो नाही. हे मी स्वतःच्या बाजूने लिहितोय असं वाटेल. एवढं एकच बाजूने आहे, म्हणून लिहिलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. सलाईन लावलं होतं. लघवीची पिशवी दाखवली. त्यात थोडंसंच होतं, काळ्या चहासारखं.

"किडनीवर आलंय. इन्फेक्शन वेगळंच. याला पाणी कोण देतं?"

"अटेंडंट आहे."

"देतो की नाही देत?" त्यांनी चिमटीत कातडी धरली. ती उभी राहिली. "हे एका दिवसाचं नाही. तुम्ही रेग्युलर बघता ना याला? तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशांत नीट शुद्धीवर आला. सुपारी तिकडे झाली, मी गेलो नाही. मी पलंगाजवळ बसलो होतो. तो बराच वेळ टेबलावरच्या बाटलीकडे बघत होता. मग माझ्याकडे.

"डॉक्टर, आता पाणी चालेल?"

"चालेल म्हणजे? पी ना. डॉक्टरबाईंनी द्यायलाच सांगितलंय."

"तुम्ही बंद केलंय ना."

मला कळेना. "मी? काय बंद केलं?"

तो नेहमीसारखाच बोलला, तोडून तोडून. मी तुम्हाला सलग सांगतो. दुपारनंतर पाणी बंद, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. सकाळीही चार चमचे, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. फोन बंद, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. तो आईकडे ओरडायचा तेव्हा रामभाऊ मऊ आवाजात अक्कांना हेच म्हणायचे, "साहेबांचा हुकूम आहे अक्का, मला पण वाईट वाटतं." अक्कांना माझ्यावर विश्वास. त्या देवाला हात जोडायच्या आणि गप्प बसायच्या.

मी त्याच्याकडे येत होतो, त्याचे पाय हलवत होतो, घड्याळ बघून निघत होतो. आणि त्या घरात त्याला तहानलेलं ठेवणारा माणूस मी होतो. 'तुम्ही असं का?' तो मला हे विचारत होता.

"मी असं कधीच सांगितलं नाही प्रशांत," मी म्हणालो. "देवाशपथ."

तो रडला. मग म्हणाला, "सॉरी डॉक्टर. मी तुमच्यावर उगाच चिडलो."

मी म्हणालो, "असू दे."

रामभाऊ दोंडाईचाहून परतले ते सरळ दवाखान्यात आले. हातात आखाजीच्या सांजोऱ्यांचा डबा. मी त्यांना बाहेर नेलं. मला वाटलं होतं, ते नाकारतील, नाहीतर रडतील. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. त्यांना खरंच नवल वाटलं.

"साहेब, वॉर्डात आम्ही सगळे असंच करायचो. पाणी कमी तर लघवी कमी, लघवी कमी तर ओलं कमी. माणूस स्वच्छ राहतो. ओल्यात पडून कुजण्यापेक्षा तहान बरी की नाही? मी कधी हात उगारला का? कधी शिवी दिली का? विचारा त्याला."

"तो पाणी मागत होता, रामभाऊ."

"ते तर मागतातच," रामभाऊ म्हणाले.

ते तर मागतातच. मी बाकावर बसलो. तेव्हा धुळ्याच्या त्या मुलाचं वाक्य आठवलं. बाबांचं अंथरूण शेवटपर्यंत एकदाही ओलं झालं नाही. ते म्हातारे गृहस्थ कशाने गेले, मला माहीत नाही. वय होतं, आजार होता. त्या मुलाला मी फोन केलेला नाही. काय सांगणार, आणि कशाच्या जोरावर? बरोबर की चूक, अजून ठरवता येत नाही.

रामभाऊंचं काम सुटलं. अक्कांना मी एवढंच सांगितलं की त्यांना कामातलं कळत नव्हतं. अक्का म्हणाल्या, "तुमचं नाव का घेतलं मग त्यानं?" मी म्हणालो, "चुकून." पोलिसांत जाऊ का, असं प्रशांतच्या चुलत भावाने विचारलं तेव्हा मीच त्याला शांत केलं. घरातलं घरात राहू द्या म्हणालो. कोणाच्या घरातलं, हे त्याने विचारलं नाही.

महिन्याभराने नानांच्या मुलीचं लग्न झालं. मामा म्हणून रामभाऊ मानाच्या जागी. आमच्या घरातर्फे मामाला टॉवेल-टोपी कोणी द्यायची, तर नानांनी माझं नाव पुकारलं. मी पुढे गेलो आणि त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. त्यांनी मला मिठी मारली. फोटो आहे.

प्रशांत घरी आला. किडनीला बसलेला फटका थोडा कायमचा आहे, तपासण्या चालू असतात. आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते फोन मागितला. दुसरं, भिकनला फोन लावला. मला विचारलं नाही.

भिकन आता तिथे आहे. आदर्श वगैरे काही नाही. तंबाखू खातो, सकाळी उशीर करतो, लग्नाच्या तिथींना सुट्टी हवी ही त्याची अट. त्या दिवशी गल्लीतली पोरं आळीपाळीने येतात, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं प्रशांतच बघतो. चादर कधी कधी ओली असते. मग भिकन ती बदलतो आणि दोघं एकमेकांना शिव्या देतात.

"पाणी पितोस की कूलर भरतोस रे?"

"भर तू. तुला पगार त्याचाच आहे."

आता लोक मला विचारतात, डॉक्टर, चांगला अटेंडंट कसा ओळखायचा. मी कोणाचंही नाव सुचवत नाही. सांगतो, तुमच्या गावात, आसपास शोधा, पण आधी ज्याचं करायचं त्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल तर दोन दिवस माणूस ठेवून बघा, त्याचा चेहरा बघा. जुन्या ठिकाणी चौकशी करायची तर मुलाला, सुनेला नको. ज्याचं केलं तो हयात असेल तर त्याच्याशी बोला. अधूनमधून अवेळी जा. पाण्याचा ग्लास स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडाला लावून बघा, किती घाईने पितो. घर फार स्वच्छ, फार शांत असेल तर जरा जास्त वेळ बसा. आणि सोयऱ्याला तर ठेवूच नका. सोयऱ्याला काढता येत नाही.

हे सगळं मी फार नीट सांगतो. लोक मान डोलावतात.

मी प्रशांतकडे अजूनही जातो. तो पुन्हा स्क्रूबद्दल विचारतो. त्याला वाटतं, डॉक्टरांना काही माहीत नव्हतं. दवाखान्यात त्याने मला सॉरी म्हटलं, ते मी ठेवून घेतलं. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो, हे त्याच्यासमोर बसून, त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबून, सांगायचं बाकी आहे. हे तुम्हाला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.